एक माल, तीन आकडे आणि पूर



पावसाळ्याच्या दिवसांत सांगलीच्या आयर्विन पुलावरून जाणारा माणूस खाली पाण्याकडे पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. ‘आज किती फुटांवर आहे?’ हा तेथील क्षेमकुशलाचाच प्रश्न होऊन बसला आहे. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीस फुटांना धोका, हे आकडे तिथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २००५ च्या पावसाळ्यात कृष्णेचे पाणी ५४ फुटांच्या आसपास गेले, तेव्हा असा पूर आपल्या हयातीत पुन्हा येणार नाही, असे जाणती माणसे म्हणाली. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाण्याने पन्नास फूट ओलांडले आणि ते पुन्हा पेठांत शिरले.

या सदरातून आपण ठेवी, वारसनोंद, मृत्युपत्र, जामीनकी अशा विषयांवर बोलत आलो. या अंकात विषय आहे तो भिजलेल्या, पडलेल्या किंवा जळालेल्या वास्तूच्या पुनर्बांधणीचा. घर अथवा दुकान पुन्हा उभे करायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गवंडी, वाळू, सिमेंट आणि रंगारी येतात. बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याच्या डोळ्यांपुढे प्रथम येतो तो कागद. वास्तू विटांनी उभी राहण्याआधी कागदावर उभी राहते, आणि तो कागद आपत्तीच्या कितीतरी आधी, निवांत वेळी, आपल्याच हाताने लिहिलेला असतो. तो कसा लिहिला होता, यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून राहते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. त्यात माझाही एक दोष आहे, आणि तो या क्षमापनेच्या दिवसांत सांगणे मला उचित वाटते.

अण्णांचे दुकान

आमच्या शाखेचे एक जुने खातेदार होते. पेठेत सारे त्यांना अण्णा म्हणत. किराणा-भुसार मालाचा घाऊक व्यापार, वडिलांपासून चालत आलेले दुकान, पुढे गाळा आणि मागे गोदाम. माणूस सचोटीचा. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून पुन्हा गादीवर येऊन बसणारा. त्यांना आमच्या बँकेची २० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा होती आणि दुकानातील माल बँकेकडे नजरगहाण होता.

अशा खात्यात व्यापाऱ्याने दरमहा मालसाठ्याचे पत्रक बँकेला द्यायचे असते. साठ्यातून उधारीवर आणलेला माल वजा होतो, उरलेल्या रकमेतून साधारण पाव हिस्सा बँक आपल्या सुरक्षिततेसाठी कापते आणि जे राहील तेवढीच उचल मिळते. अण्णांच्या दुकानात खरा माल सुमारे ३२ लाखांचा असे. त्यातला १२ लाखांचा उधारीचा. म्हणजे हिशेबाने त्यांना १५ लाखच उचलता आले असते. पत्रकात मात्र ते ४० लाख लिहीत, म्हणजे २० लाखांची पूर्ण मर्यादा वापरता येई. प्राप्तिकराच्या ताळेबंदात तोच साठा २२-२४ लाखांचा दिसे. आणि विम्याच्या पॉलिसीवर आकडा होता २० लाख. तो मालाशी जुळवून घेतलेला नव्हता, कर्जाच्या मर्यादेशी जुळवून घेतलेला होता. बँकेचे पैसे सुरक्षित राहिले की आमचे काम झाले, अशी ती पद्धत. दरवर्षी पॉलिसीचे नूतनीकरण होई, हप्ता खात्यात नावे पडे आणि कोऱ्या मनाने कोणीतरी सही करी.

त्यातली काही वर्षे ती सही माझी होती. महिन्याचे पत्रक घेऊन मी दुकानात साठा तपासायला जात असे. चहा येई, चार गोष्टी होत, पोत्यांच्या थप्पीवरून नजर फिरे आणि ‘साठा पत्रकाप्रमाणे आढळला’ असा शेरा लिहून मी परत येई. थप्पी ४० लाखांची नाही, हे न कळण्याइतका मी अननुभवी नव्हतो. पण हप्ते वेळेवर येत होते, खाते चोख होते आणि ‘सगळेच असे करतात’ हे वाक्य आम्हा दोघांच्याही सोयीचे होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी दुकानात शिरले, तेव्हा मी निवृत्त झालो होतो. अण्णांनी आणि त्यांच्या मुलांनी रात्रीतून जेवढा माल हलवता आला तेवढा माळ्यावर आणि नातलगांच्या गोदामात हलवला. बाकीचा साखर, डाळ, गूळ, तांदळासह पाण्यात गेला. पाणी ओसरल्यावर आत पाऊल ठेवले तेव्हा येणारा तो आंबूस वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना त्याचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. कागदपत्रांत मदत व्हावी म्हणून त्यांनी मला बोलावले. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने नुकसान मोजले ते १६ लाख. ‘म्हणजे २० लाखांच्या विम्यात १६ लाख सहज बसतात,’ असे अण्णांचा धाकटा मुलगा हर्षाने म्हणाला. मी गप्प राहिलो, कारण पुढे काय येणार हे मला ठाऊक होते.

सरासरीचा नियम

अग्निविम्याच्या पॉलिसीत सरासरीचे एक कलम असते. आपत्तीच्या दिवशी मालमत्तेचे जे एकूण मूल्य असेल त्यापेक्षा विमा कमी रकमेचा असल्यास उरलेल्या भागाचे विमेदार तुम्ही स्वतः आहात, असे कंपनी मानते, आणि नुकसानीतही तेवढा वाटा तुमच्यावर टाकते. नुकसान विम्याच्या रकमेपेक्षा कमी असले तरीही हा नियम लागू होतो, हे फार थोड्यांना माहीत असते.

सर्व्हेअरने बँकेकडून जुलैअखेरचे पत्रक मागवले. त्यावर अण्णांच्या सहीने ४० लाखांचा साठा लिहिलेला. विमा २० लाखांचा. म्हणजे निम्मा. म्हणून १६ लाखांच्या नुकसानीचे ८ लाख झाले, आणि नैसर्गिक आपत्तीच्या दाव्यातून त्या पॉलिसीनुसार वजा होणारे पाच टक्के, म्हणजे ४० हजार, जाऊन हाती आले ७ लाख ६० हजार.

अण्णा म्हणाले, “अहो, माल ३२ लाखांचाच होता.” सर्व्हेअर शांतपणे उत्तरले, “तसे लेखी द्या, मी विचार करतो.” ३२ लाख धरले असते तर सरासरीने १० लाख आणि कपातीनंतर साडेनऊ लाख मिळाले असते. पण तसे लेखी देणे म्हणजे बँकेला दरमहा खोटे पत्रक दिले, असा कबुलीजबाब स्वहस्ते लिहून देणे. अण्णांनी लेखणी हातात घेतली आणि खाली ठेवली. फुगवलेल्या आठ लाखांनी त्यांचे जवळजवळ दोन लाख त्या टेबलावरच नेले.

आणि पॉलिसीच ३२ लाखांची असती, पत्रकही ३२ लाखांचेच असते, तर? कपात जाऊन १५ लाख २० हजार मिळाले असते. त्यासाठी वर्षाला जो जादा हप्ता पडला असता तो काही थोड्या हजारांत होता.

दुःख एवढ्यावर थांबले नाही. माल बँकेकडे नजरगहाण असतो तेव्हा पॉलिसीवर बँकेचेही नाव असते, आणि दाव्याची रक्कम प्रथम बँकेकडे जाते. अण्णांच्या खात्यावर तेव्हा १८ लाख येणे होते. ७ लाख ६० हजार त्यात जमा झाले. उरले १० लाख ४० हजारांचे कर्ज आणि चिखलाने भरलेले गोदाम. पुनर्बांधणीसाठी एक रुपयाही हाती आला नाही.

अण्णांना निदान पुराचे संरक्षण तरी होते. त्या काळी अग्निविम्याच्या पॉलिसीतून वादळ, पूर आणि जलप्रलय यांचे संरक्षण वगळून हप्त्यात थोडी सूट घेता येत असे. दलालाने ‘आपल्याकडे कुठला पूर?’ असे म्हणून ती सूट मिळवून दिली होती, अशा काही जणांना त्या वर्षी काहीच मिळाले नाही.

वाचकहो, तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत ‘कूटलेखक्रिया’ हा एक आहे. खोटा लेख लिहिणे, असा त्याचा सरळ अर्थ. हा शब्द मी लहानपणापासून पाठशाळेत ऐकत आलो. बनावट दस्त करणारे, दुसऱ्याची सही मारणारे यांच्यासाठी तो असावा, अशी माझी समजूत होती. एकाच मालाला बँकेसाठी एक, करासाठी दुसरा आणि विम्यासाठी तिसरा आकडा लिहिणे, आणि ते ठाऊक असून त्याखाली ‘आढळला’ असे लिहिणे, हेही त्यातच येते, हे मला अण्णांच्या ओल्या दुकानात उमगले.

आज पॉलिसी घेताना

१ एप्रिल २०२१ पासून या विम्याचे स्वरूप पुष्कळ बदलले आहे. लहान उद्योग-व्यवसायांसाठी आता दोन ठरावीक पॉलिसी आहेत. एका ठिकाणची जोखमीतील मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यापुढे ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. यांत १५ टक्क्यांपर्यंतचा अपुरा विमा दुर्लक्षित केला जातो. म्हणजे माल ४० लाखांचा आणि विमा ३४ लाखांचा असला तरी सरासरी लागत नाही. परंतु अण्णांप्रमाणे निम्माच विमा असेल, तर ही सवलतही उपयोगी पडत नाही.

व्यापारी बांधवांनी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, पॉलिसीवर दुकानाबरोबर गोदामाचाही पत्ता आहे का? नोंदलेल्या जागेबाहेरील माल सामान्यतः विम्यात नसतो. दुसरी, अडतीवर आलेला, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा माल तुमच्याकडे असतो का? तसा स्पष्ट उल्लेख पॉलिसीत करून घ्यावा. हळद आणि गुळाच्या अडत्यांना हे विशेषत्वाने सांगावेसे वाटते. तिसरी, इमारत, फर्निचर, यंत्रे आणि माल यांची रक्कम वेगवेगळी लिहिली आहे का? इमारतीचा विमा मालाच्या कामी येत नाही. चौथी, सणासुदीला साठा दुप्पट होत असेल, तर आकडा त्या दिवसांचा धरावा, मंदीच्या महिन्याचा नव्हे.

घराच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. ‘माझा फ्लॅट ६० लाखांचा आहे,’ असे म्हणून लोक ६० लाखांचा विमा मागतात. त्या किमतीत जमिनीची किंमत असते, आणि जमीन पुरात किंवा आगीत नष्ट होत नाही. विमा घ्यायचा तो बांधकामाच्या खर्चाचा. एक हजार चौरस फूट चटई क्षेत्र आणि चौरस फुटाला २,२०० रुपये खर्च धरला तर २२ लाख. ‘भारत गृह रक्षा’ या पॉलिसीत घरातील सामानासाठी इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. वरील उदाहरणात ते ४ लाख ४० हजार होईल. त्याहून अधिक सामान असेल तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. या पॉलिसीला सरासरीचा नियम लागत नाही, आणि दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत इमारतीची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते. घर राहण्याजोगे नसताना भाड्याने राहावे लागले तर त्या भाड्याचीही तरतूद आहे. गृहकर्ज घेताना बँकेने विमा काढला होता, एवढ्यावर समाधान मानू नये. तो बहुधा फक्त वास्तूचा, कधी कधी केवळ कर्जाच्या रकमेचा असतो. पॉलिसीची प्रत मागून घ्यावी आणि वाचावी.

पाणी ओसरल्यावर

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. २०१९ नंतर नात्यातील आणि ओळखीतील अनेक घरे उभी राहताना मी पाहिली. ज्यांनी घाई केली त्यांना बहुतेक सारे काम दोनदा करावे लागले.

आत शिरण्यापूर्वी मुख्य वीजपुरवठा बंद आहे याची खात्री करावी. बटण दाबून पाहण्याचा मोह आवरावा. पाण्यात बुडालेले बोर्ड, बटणे आणि स्वयंचलित खटके वाळवून पुन्हा वापरू नयेत, ते बदलावेत. मातीत बांधलेल्या जुन्या भिंती पाण्यात असताना उभ्या दिसतात आणि पाणी उतरल्यावर कोसळतात, म्हणून त्यांच्या आडोशाला थांबू नये. तळघरातील पाणी पंपाने एकदम उपसू नये. बाहेरच्या ओल्या मातीचा दाब भिंतीवर असतो, आतले पाणी एकाएकी गेले की भिंत आत येऊ शकते. ते टप्प्याटप्प्याने काढावे.

साफसफाईच्या आधी छायाचित्रे घ्यावीत. भिंतीवर पाण्याची रेघ जिथे उठली आहे तिथे खडूने खूण करून तिचेही छायाचित्र घ्यावे. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि नुकसानीचा लेखी तपशील शक्यतो पंधरा दिवसांच्या आत द्यावा. महसूल कर्मचाऱ्यांकडून पंचनामा करून घ्यावा आणि त्याची प्रत मागावी, कारण शासकीय मदतही त्याच कागदावर अवलंबून असते. सर्व्हेअर येईपर्यंत खराब माल टाकून देऊ नये. दुर्गंधी असह्य होत असेल आणि आरोग्याचा प्रश्न असेल, तर कंपनीला लेखी कळवून, वजन, मोजदाद आणि छायाचित्रे करून मगच हलवावा. दावा अन्यायाने नाकारला गेला किंवा रखडला, तर घरमालक आणि लहान व्यावसायिकांना विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. आपल्या राज्यातही त्यांची कार्यालये आहेत.

चिखल ओला असतानाच काढावा. वाळल्यावर तो दगडासारखा होतो. जिप्समचे छत, प्लायवूडची कपाटे, फुगलेले दरवाजे वाचवण्यात अर्थ नसतो. सागवानी लाकूड मात्र सावलीत सावकाश वाळवल्यास पुष्कळदा वाचते. चोपड्या, दस्त आणि ग्रंथ उन्हात न टाकता सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, पानांत कोरा कागद घालून वाळवावेत.

सर्वांत अधिक चूक होते ती रंगाच्या बाबतीत. दिवाळी जवळ आलेली असते, घर ओकेबोके दिसते आणि रंगारी बोलावला जातो. नऊ इंची विटांची भिंत आतून वाळायला कित्येक आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. वरून ऑइल पेंट किंवा पुट्टीचा थर दिला की आतली ओल कोंडली जाते. मग लोणा फुटतो, पोपडे सुटतात आणि पुढच्या पावसाळ्याआधीच भिंत उघडी पडते. सुटलेले प्लास्टर पाण्याच्या रेघेच्या वरपर्यंत खरवडून काढावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, वारा खेळू द्यावा. एक दिवाळी बिनरंगाच्या घरात गेली तरी चालेल. काळ्या मातीवरील घरांची पाहणी तर दोनदा करावी. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते, त्यामुळे काही भेगा पाणी गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांनी दिसू लागतात. अभियंत्याला दाखवल्यावाचून त्या सिमेंटने बुजवू नयेत.

वाळवण्याचा हा आग्रह आपल्या दृष्टीने केवळ बांधकामाचा नाही. ओल राहिली की बुरशी येते आणि जीवोत्पत्ती होते. मग ती घालवण्यासाठी फवारे मारावे लागतात. पाणी गाळून पिणाऱ्या, धान्य निवडून शिजवणाऱ्या घरात भिंत वेळेवर कोरडी करणे हादेखील अहिंसेचाच भाग आहे. विहीर आणि टाक्याही उपसून स्वच्छ केल्याखेरीज ते पाणी गाळून घेतले म्हणून पिण्यायोग्य होत नाही.

पुन्हा उभारताना पाण्याची ती रेघ विसरू नये. विजेचे मीटर आणि बोर्ड तिच्या वर घ्यावेत. दुकानाचा भारी आणि भिजण्याजोगा माल माळ्यावर, लोखंडी आणि काचेचा माल खाली, अशी मांडणी करावी. जिथे पूर येतोच तिथे तळमजल्याला प्लायवूड न वापरता पक्के कडाप्पा किंवा काँक्रीटचे फळे करावेत.

आगीचे आणि वादळाचे थोडक्यात सांगतो. आग विझवताना अग्निशमन दलाच्या पाण्याने झालेले नुकसानही आगीचेच नुकसान मानले जाते, ते दाव्यात लिहायला विसरू नये, आणि दलाचा दाखला घ्यावा. जळालेल्या इमारतीचे काँक्रीट सुमारे तीनशे अंश सेल्सियसच्या पुढे तापले असेल तर अनेकदा त्यावर गुलाबी छटा येते. ती ताकद घटल्याची खूण असते. नुसती काजळी धुऊन रंग देणे धोक्याचे असते, चाचणी करून घ्यावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातील कितीतरी घरांची छपरे उडाली. वारा छपराला वर उचलतो आणि त्याचा जोर कडांवर व कोपऱ्यांवर सर्वाधिक असतो. म्हणून नवे पत्रे घालताना तेथे हुक आणि बोल्ट जवळजवळ घ्यावेत. खर्च किरकोळ वाढतो.

कर्जदारांना एक शब्द. नैसर्गिक आपत्तीनंतर बँकांनी कर्जाची पुनर्रचना करावी, हप्त्यांना काही काळ स्थगिती द्यावी, गरजेनुसार नवे कर्ज द्यावे, यासाठी रिझर्व्ह बँकेची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. पण ते आपोआप होत नाही. हप्ता थकण्यापूर्वी, पंचनाम्याची प्रत जोडून, लेखी अर्ज करावा. आमच्या शाखेत कितीतरी खातेदार संकोचाने सहा महिने आले नाहीत आणि आले तेव्हा खाते थकीत झालेले होते. संकोच हा आपल्या समाजाचा गुण आहे, पण बँकेच्या दारात तो फार महाग पडतो.

क्षमावाणी

२०१९ च्या दशलक्षण पर्वात मी मंदिरात प्रवचन ऐकत होतो. तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. जे मनात तेच वचनात आणि तेच कृतीत, असे त्याचे विवरण चालू होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तीन कागद उभे होते. बँकेचे पत्रक, कराचा ताळेबंद आणि विम्याची पॉलिसी.

क्षमावाणीच्या दिवशी मी अण्णांच्या दुकानात गेलो. प्लास्टर खरवडलेले होते, विटा उघड्या होत्या. अण्णा प्लॅस्टिकच्या एका उपड्या क्रेटवर बसले होते. मी हात जोडले आणि म्हणालो, “अण्णा, उत्तम क्षमा. आज हे रीतीने म्हणत नाही. साठा कमी आहे, हे मला दिसत होते. विमा अपुरा आहे, हेही मला ठाऊक होते. सांगणे माझे काम होते आणि मी सांगितले नाही.”

ते बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “साहेब, सही तुमची असेल, पण आकडा मी लिहीत होतो. मलाही क्षमा करा.”

दुकान उभे राहायला त्यांना दीड वर्ष लागले. गोदामाचा निम्मा भाग भाड्याने दिला, मेहुण्याकडून बिनव्याजी रक्कम घेतली, बँकेकडून उरलेल्या कर्जाचे हप्ते बांधून घेतले. मर्यादा कमी करून घेतली, आणि त्या महिन्यापासून पत्रकात खरा साठा लिहू लागले. व्यापार आधीपेक्षा लहान झाला. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले तेव्हा माल माळ्यावर होता, बोर्ड रेघेच्या वर होते आणि पॉलिसीवरचा आकडा चोपडीतल्या आकड्याशी जुळत होता. नुकसान थोडे झाले. त्याचा दावा विनातक्रार मंजूर झाला, असे त्यांनीच मला फोन करून सांगितले. फोनवर त्यांचा आवाज हलका होता.

वाचकबंधू-भगिनींनो, या पर्वात आपण परस्परांची क्षमा मागू. त्याबरोबर एक छोटे काम करावे, अशी विनंती आहे. कपाटातून विम्याची पॉलिसी काढा. व्यापार असेल तर शेवटचे मालसाठा पत्रक आणि ताळेबंद काढा. ती शेजारी शेजारी ठेवा आणि आकडे पाहा. ते जुळत नसतील, तर पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नका.

जय जिनेंद्र.